झाड लावणारीचे नाव कोण लिहिणार?

३ मार्च हा दिवस जगभर वन्यजीव दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी वर्तमानपत्रांतून वाघाची छायाचित्रे छापून येतात, मंत्रिमहोदयांची भाषणे होतात, शाळाशाळांतून चित्रकला स्पर्धा भरतात. परंतु याच ३ मार्चला आफ्रिकन युनियनने २०१२ साली आणखी एक ओळख दिली. आफ्रिका खंडात हा दिवस आफ्रिका पर्यावरण दिन आणि वंगारी माथाई दिन म्हणून पाळला जातो. आपल्याकडील प्रस्थापित माध्यमांना आफ्रिकेतला सिंह दिसतो, हत्ती दिसतो, जिराफ दिसतो. पण त्या हत्तीसाठी न्यायालयाच्या पायऱ्या झिजविणारी, त्या जंगलासाठी पोलिसांची लाठी डोक्यावर झेलणारी काळी स्त्री त्यांना दिसत नाही. हे अनवधानाने होते असे मानण्याइतके आपण भोळे राहिलेलो नाही. ज्यांच्या हाती लेखणी आणि कॅमेरा, त्यांच्याच हाती कोणाला दाखवायचे आणि कोणाला वगळायचे याचा अधिकार असतो. हा अनुभव आपल्याला नवा नाही.

म्हणून आफ्रिकेतील या भगिनींचा गौरव आणि त्यांना पाठबळ हा विषय आंबेडकरी वाचकासमोर मांडणे मला अगत्याचे वाटते. २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी समाजाची प्रगती त्या समाजातील स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजण्याचा निकष सांगितला. हा निकष नागपूरला लागू आहे तसाच नैरोबीलाही लागू आहे.

वंगारी माथाई यांचा जन्म १ एप्रिल १९४० रोजी केनियाच्या न्येरी भागातील इहिथे या खेड्यात, शेतकरी कुटुंबात झाला. केनिया तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात होता. शिष्यवृत्ती मिळवून त्या अमेरिकेत गेल्या, जीवशास्त्र शिकल्या, परत आल्या आणि १९७१ साली त्यांनी नैरोबीत डॉक्टरेट मिळविली. पूर्व व मध्य आफ्रिकेत हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. आता एवढी शिकलेली बाई प्रयोगशाळेत बसून सुखाने नोकरी करू शकली असती. पण खेड्यातल्या बायका सांगत होत्या की सरपण मिळत नाही, पाण्यासाठी दूर जावे लागते, जमीन धुऊन चालली आहे. वंगारीताईंनी त्यावर काढलेला मार्ग अगदी साधा होता. झाडे लावा.

५ जून १९७७ रोजी नैरोबीत सात झाडे लावून ही चळवळ सुरू झाली. तिचे नाव पडले ग्रीन बेल्ट मूव्हमेंट, म्हणजे हरित पट्टा चळवळ. खेड्यातील बायकांनी बी गोळा करायचे, रोपवाटिका करायची, रोप लावायचे आणि ते जगवायचे. जगलेल्या रोपामागे त्यांना थोडा का होईना मोबदला मिळायचा. वनखात्याच्या साहेबांचे म्हणणे असे की झाडे लावायला पदविका लागते. ज्या बायकांच्या आईआजीने पिढ्यान्‌पिढ्या बी पेरले त्यांना रोप लावता येत नाही, हे सांगणारा साहेब आणि शूद्रातिशूद्राला विद्या पेलत नाही असे सांगणारा शास्त्री, दोघेही एकाच शाळेतले! त्या बायकांनी पदविकेची वाट पाहिली नाही. २००४ साली वंगारीताईंना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा चळवळीने लावलेल्या झाडांची संख्या ३ कोटींच्या घरात पोहोचली होती. हे पारितोषिक मिळविणारी ती पहिली आफ्रिकन स्त्री.

परंतु वंगारीताईंना केवळ 'झाडे लावणारी बाई' म्हणणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. प्रस्थापित व्यवस्था बंडखोराला मारू शकली नाही की त्याचा फोटो भिंतीवर लावून त्याचे बंड पुसते. बाबासाहेबांना केवळ 'घटनाकार' म्हणून हार घालणारे आणि हिंदू कोड बिलासाठी १९५१ साली मंत्रिपद सोडणारे बाबासाहेब झाकणारे लोक आपण पाहतोच. वंगारीताईंचे खरे काम समजून घ्यायचे तर त्यांचा न्यायालयीन इतिहास पाहिला पाहिजे, आणि वकील म्हणून मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

१९८९ साली राष्ट्राध्यक्ष डॅनियल अराप मोई यांच्या राजवटीत नैरोबीच्या उहुरू पार्कमध्ये ६० मजली इमारत बांधण्याचा घाट घातला गेला. उहुरू म्हणजे स्वातंत्र्य. शहरातल्या गरीब माणसाला फुकट बसता येईल अशी ती मोकळी जागा. वंगारीताईंनी पत्रे लिहिली, आवाज उठविला आणि मनाई हुकूम मागण्यासाठी उच्च न्यायालयात दावा लावला. डिसेंबर १९८९ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. कारण काय? तर तुमचे व्यक्तिशः काही नुकसान होत नाही, सबब तुम्हाला दाद मागण्याचा अधिकार नाही; सार्वजनिक हितासाठी दाद मागायची तर ती ॲटर्नी जनरलने मागावी. म्हणजे सरकारविरुद्धची तक्रार सरकारच्याच वकिलाने करावी! आपल्याकडे १९८० च्या दशकात जनहित याचिकेने हे दार काही प्रमाणात उघडले होते. केनियात ते बंद होते. पार्लमेंटात त्यांची टिंगल झाली, त्यांच्या संघटनेला सरकारी जागेतून बाहेर काढण्यात आले. पण तोवर बातमी जगभर गेली होती, परदेशी गुंतवणूकदारांनी हात आखडता घेतला आणि ती इमारत कधीच उभी राहिली नाही. आजही तेथे पार्कच आहे.

पुढे २०१० साली केनियाने नवी राज्यघटना स्वीकारली. तिच्या कलम ४२ ने स्वच्छ व निरोगी पर्यावरणाचा हक्क प्रत्येकाला दिला आणि कलम ७० ने स्पष्ट केले की हा हक्क मागणाऱ्याने कोणाचे नुकसान झाले हे दाखविण्याची गरज नाही. १९८९ साली एका स्त्रीला ज्या कारणाने हाकलून दिले होते, ते कारणच घटनेने पुसून टाकले. या हक्काच्या बळावर फिलिस ओमिडो या मोम्बासाच्या स्त्रीने ओविनो उहुरू वस्तीतील शिशाच्या विषबाधेविरुद्ध लढा दिला. जुन्या बॅटऱ्यांतून शिसे काढणाऱ्या कारखान्यात त्या स्वतः नोकरीला होत्या आणि त्यांच्या तान्ह्या मुलालाच शिशाची बाधा झाली होती. २०२० साली न्यायालयाने वस्तीला १३० कोटी केनियन शिलिंग भरपाई देण्याचा आदेश दिला, मधल्या अपिलात तो फिरला आणि २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा उचलून धरला. एकीने हरून दार दाखविले, दुसरी त्या दारातून आत गेली. चळवळ म्हणतात ती हीच.

वंगारीताईंनी या कामाची किंमत काय मोजली तेही नोंदविले पाहिजे. घटस्फोटाच्या खटल्यानंतर न्यायाधीशावर टीका केली म्हणून न्यायालयाच्या अवमानाखाली त्यांना तुरुंगात टाकण्यात आले. नवऱ्याने आपले आडनाव सोडायला सांगितले, तेव्हा त्यांनी आडनावात एक जादा अक्षर घालून ते आपले स्वतःचे केले. १९८२ साली निवडणूक लढविण्यासाठी विद्यापीठाची नोकरी सोडली, तर तांत्रिक कारणाने उमेदवारीही गेली आणि नोकरीही परत मिळाली नाही. आणि ३ मार्च १९९२ रोजी, राजकीय कैद्यांच्या आयांबरोबर उहुरू पार्कमध्ये उपोषणाला बसल्या असता पोलिसांनी त्यांना बेशुद्ध होईपर्यंत मारले. ज्या तारखेला जग वाघाची चित्रे काढते, त्याच तारखेला या बाईचे रक्त सांडले होते. २००२ साली त्याच बाईला तेतू मतदारसंघाने ९८ टक्के मते देऊन पार्लमेंटात पाठविले. २५ सप्टेंबर २०११ रोजी त्यांचे निधन झाले.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. गोष्ट कोणी सांगितली? आफ्रिकेच्या जंगलाची जी पुस्तके आणि जे चित्रपट जगभर गेले त्यांची यादी काढून पाहावी. 'आउट ऑफ आफ्रिका' कॅरेन ब्लिक्सन यांचे, 'बॉर्न फ्री' जॉय ॲडमसन यांचे. चिंपांझी म्हटले की जेन गुडाल, गोरिला म्हटले की डायन फॉसी. यांतील कोणाचेही कष्ट आपण नाकारत नाही. परंतु या साऱ्या कथांत गोरी स्त्री नायिका आहे, प्राणी नायक आहेत आणि काळा माणूस एक तर सामान वाहणारा आहे नाही तर शिकारी आहे. शतकभर ही एकच गोष्ट ऐकल्यावर निधी देणाऱ्यालाही वाटू लागते की आफ्रिकेतले प्राणी आफ्रिकेतल्या माणसांपासून वाचवायचे आहेत. म्हणजे गोष्ट ही करमणूक नाही. गोष्टीवरून पैसा ठरतो, कायदा ठरतो, कोणाला जंगलात राहू द्यायचे आणि कोणाला हाकलायचे हेही ठरते.

वंगारीताईंनी २००६ साली 'अनबाउड' हे आत्मचरित्र लिहून आपली गोष्ट आपण सांगितली. केनियाच्या वानुरी काहियू या दिग्दर्शिकेने २००९ साली त्यांच्यावर माहितीपट केला. युगांडाच्या डॉ. ग्लॅडिस कलेमा-झिकुसोका यांनी २०२३ साली गोरिलांबरोबरच्या आपल्या आयुष्याचे पुस्तक प्रसिद्ध केले. या बाई युगांडाच्या वन्यजीव खात्यातील पहिल्या पशुवैद्य. १९९६ च्या सुमारास ब्विंडीच्या जंगलातील गोरिलांना खरूज झाली. त्यांनी शोध घेतला तेव्हा ती आजूबाजूच्या गरीब वस्त्यांतील माणसांच्या कपड्यांतून आल्याचे दिसले. दुसरा कोणी असता तर त्याने वस्त्यांभोवती कुंपण घाला म्हटले असते. डॉक्टरीणबाईंनी उलट सांगितले की गोरिला निरोगी राहायचा असेल तर आधी गावातला माणूस निरोगी झाला पाहिजे. २००३ साली त्यांनी याच विचारावर संस्था काढली. गावात आरोग्यसेवा, कुटुंबनियोजन, स्वच्छता आणि पुढे शेतकऱ्यांच्या कॉफीला बरा भाव, असे काम उभे केले. अनेकांच्या प्रयत्नांनी पर्वतीय गोरिलांची संख्या आज हजाराच्या वर गेली आहे. २०१८-१९ च्या मोजणीअखेर ती १,०६३ होती.

केनियाच्या डॉ. पॉला काहुम्बू यांचे काम तर प्रत्येक तरुण वकिलाने अभ्यासावे. हत्तींवर पीएचडी केलेल्या या बाईंच्या 'वाइल्डलाइफ डायरेक्ट' या संस्थेने केनियातील १८ न्यायालयांच्या २००८ ते २०१३ या काळातील नोंदी तपासल्या. हत्ती आणि गेंड्यांच्या गुन्ह्यांत दोषी ठरलेल्यांपैकी फक्त ४ टक्के तुरुंगात गेल्याचे त्यातून बाहेर आले. बाकीचे दंड भरून मोकळे. त्याच सुमारास, जानेवारी २०१४ मध्ये, जबर शिक्षांचा नवा वन्यजीव कायदा अमलात आला. कायदा होतो पण अंमलबजावणी होत नाही, हे ॲट्रॉसिटीचे खटले चालविणाऱ्या आपल्या वकिलांना वेगळे सांगायला नको. मात्र 'शिक्षा होत नाही' असे व्यासपीठावरून ओरडणे वेगळे आणि न्यायालयांच्या फायली उघडून आकडा समोर ठेवणे वेगळे. याच पॉलाताईंनी २०१९ साली केनियाच्या दूरचित्रवाणीवर 'वाइल्डलाइफ वॉरियर्स' ही मालिका आणली, तिच्यात प्राणी वाचविणारे केनियाचेच लोक केनियाच्याच मुलांना दाखविले.

आणि तरीही वगळणे थांबलेले नाही. जानेवारी २०२० मध्ये दावोस येथे पर्यावरणासाठी झटणाऱ्या पाच तरुणींचे एकत्र छायाचित्र काढले गेले. एका जागतिक वृत्तसंस्थेने ते प्रसिद्ध केले तेव्हा चार गोऱ्या मुली राहिल्या आणि युगांडाची व्हेनेसा नकाते ही एकटी काळी मुलगी कापली गेली. आरडाओरड झाल्यावर छायाचित्र बदलले गेले. पण व्हेनेसाने त्या क्षणी जे बोलून दाखविले त्यामुळेच ते बदलले गेले, ती गप्प बसली असती तर कोणाच्या लक्षातही आले नसते. चौकटीतून कापले जाणे म्हणजे काय हे आपल्याला कळते. 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांना लिहावे लागले, कारण आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांनाही इतिहासाच्या चौकटीतून कापले गेले होते. ते कापणारे सगळेच परके नव्हते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

येथे एक अडचणीचा प्रश्न टाळून चालणार नाही. दक्षिण आफ्रिकेत २०१३ पासून 'ब्लॅक मांबा' हे बहुतांशी स्त्रियांचे निःशस्त्र गस्ती पथक काम करते. झिंबाब्वेत २०१७ पासून 'अकाशिंगा' हे स्त्रियांचे सशस्त्र पथक आहे. केनियात अंबोसेलीजवळ २०१९ साली मासाई तरुणींचे 'टीम लायनेस' उभे राहिले. गणवेशातील या भगिनींना सलाम केलाच पाहिजे. परंतु त्यांच्या धाडसाची सुंदर छायाचित्रे दाखवून वनसंवर्धनाच्या नावाखाली चाललेला अन्याय झाकला जात असेल, तर तेही बोलले पाहिजे. ब्विंडी १९९१ साली राष्ट्रीय उद्यान झाले, तेव्हा तेथील मूळ निवासी बत्वा लोकांना जंगलाबाहेर काढले गेले. केनियाच्या माऊ जंगलातील ओगिएक समाजाने आपल्या जमिनीसाठी आफ्रिकन मानवी हक्क न्यायालयापर्यंत धडक मारली. २६ मे २०१७ रोजी त्यांच्या बाजूने निकाल लागला, २०२२ साली भरपाईचा आदेश झाला, आणि तरीही नोव्हेंबर २०२३ मध्ये पुन्हा त्यांची घरे पाडली गेली. तेव्हा बाईच्या हाती बंदूक दिली म्हणजे न्याय झाला असे नाही. जंगलाच्या मालकीत, निर्णयात आणि उत्पन्नात तिचा व तिच्या समाजाचा वाटा आहे काय, हा खरा प्रश्न आहे. गणवेश हा नोकरीचा पुरावा आहे, हक्काचा नव्हे.

हा प्रश्न आपल्या दारातही आला आहे. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आठ चित्ते विमानाने आणून मध्य प्रदेशातील कुनोत सोडले गेले. फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून आणखी बारा आले. दूरचित्रवाणीवर रात्रंदिवस चित्ता धावत होता. पण त्याच कुनोतून, सिंह आणायचे म्हणून, पूर्वीच चोवीस गावे उठविली गेली होती आणि त्यांत बहुसंख्य सहरिया आदिवासी होते, हे किती जणांनी दाखविले? आफ्रिकेतून आपण चित्ता आणला. वंगारीताईंचा विचार आणायला विमानही लागत नव्हते!

मग पाठबळ म्हणजे काय? टाळ्या आणि पुरस्कार यांना मी पाठबळ म्हणत नाही. शिष्यवृत्ती, नियमित पगार, बाळंतपणाची रजा, कामाच्या जागी सुरक्षितता, संशोधनावर आणि चित्रपटावर स्वतःचे नाव, कॅमेरा आणि संकलनाचे शिक्षण, आणि जमिनीवर कायदेशीर हक्क याला पाठबळ म्हणतात. वंगारीताईंना शिष्यवृत्ती मिळाली नसती तर आज त्यांच्या नावाचा दिवस नसता. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीचे मोल जाणणाऱ्या समाजाला हे पटवून द्यावे लागू नये.

आपणही काही करू शकतो. ३ मार्च ते १० मार्च, म्हणजे वंगारी माथाई दिनापासून क्रांतिज्योती सावित्रीमाईंच्या स्मृतिदिनापर्यंत, मध्ये ८ मार्चचा महिला दिन घेऊन, आपल्या विहारांतून या स्त्रियांची ओळख करून देणारा सप्ताह पाळता येईल. त्यांची आत्मचरित्रे रीतसर परवानगी घेऊन मराठीत आणता येतील. आपल्या मुली डॉक्टर, इंजिनियर होत आहेत ही अभिमानाची गोष्ट आहे. पण वन्यजीवशास्त्र, वनसेवा, पशुवैद्यक, माहितीपट निर्मिती ही क्षेत्रे उच्चवर्णीय हौशी लोकांची मक्तेदारी का राहावी? आपल्या वकिलांनी २००६ च्या वनहक्क कायद्याचे दावे हाती घ्यावेत, विशेषतः ज्या दाव्यांत स्त्रियांची नावे गाळली गेली आहेत ते आधी.

शिका, संघटित व्हा, संघर्ष करा हा मंत्र आपल्यापुरता नाही. केनियातील एका शेतकऱ्याच्या मुलीने, कदाचित तो न ऐकताच, आयुष्यभर तंतोतंत पाळला. ती शिकली, तिने खेड्यातल्या बायकांना संघटित केले आणि हुकूमशहाशी संघर्ष केला. तिच्या हाताखालून गेलेल्या हजारो बायकांची नावे अजूनही कुठे लिहिलेली नाहीत. नावे नोंदविली जात नाहीत तोवर हक्कही नोंदविला जात नाही, हे सातबाऱ्यावर आईचे नाव लावण्यासाठी झगडलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. जय भीम!